केरोपंतांची लाल गाडी आणि शेवटचा काटा

एका जंगलात, बाळांनो, रस्ता एकच होता. गतिरोधक मात्र दारोदार होते.

ज्याने त्याने आपापल्या दारासमोर एकेक घालून घेतला होता. घोरपडीने मातीचा घातला होता, तरसाने हाडांचा. गोगलगायीनेसुद्धा एक घातला होता. का, तर समोरची गोगलगाय फार जोरात जाते म्हणून.

अशा या सुधारलेल्या जंगलात केरोपंत नावाचे एक साळिंदर राहत होते.

केरोपंतांचा धंदा टाकांचा. अंगावरचे गळालेले काटे गोळा करायचे, टोकं तासायची आणि टाक म्हणून विकायचे. धंदा जोरात होता. जंगलात शिकलेले फार झाले होते आणि शिकलेल्यांना कामं नव्हती, त्यामुळे सगळे अर्ज लिहीत बसलेले असत. टाकांना मरण नव्हतं.

पण केरोपंतांचं मन टाकांत नव्हतं. ते एका लाल गाडीत होतं.

त्याचं असं झालं. केरोपंत लहान असताना एकदा जंगलाच्या कडेला, माणसांच्या मोठ्या रस्त्यालगत बोरं वेचत होते. तेवढ्यात समोरून काहीतरी लाल गेलं. आलं असं म्हणता येणार नाही, बाळांनो. नुसतं गेलंच. त्याच्या मागून वारा आला आणि केरोपंतांच्या अंगावरचे सगळेच्या सगळे काटे मागे निजले. मांजराच्या पाठीसारखे गुळगुळीत! आपल्याला मान, पाठ आणि शेपूट आहे आणि ती तिन्ही एकाच प्राण्याची आहेत, हे त्यांना जन्मात पहिल्यांदा कळलं.

त्या दिवसापासून एकच ध्यास. एकदा, फक्त एकदा, घरापासून तळ्यापर्यंत अशा गाडीतून जायचं. कान मागे, काटे मागे, जंगल मागे.

आता केरोपंतांच्या घराण्यातला एक दोष तुम्हाला सांगायला हवा. इतर साळिंदरांचे काटे रागाने उभे राहतात. केरोपंतांच्या घराण्यात ते आनंदाने उभे राहत. केरोपंतांच्या बारशाला आजोबांना इतका आनंद झाला, की त्यांना पाळण्याजवळ कुणी येऊच दिलं नाही. बिचाऱ्यांनी नातवाचं तोंड लांबून पाहिलं आणि नाव ओरडून सांगितलं.

आणि जंगलाचा एक कायदाही सांगायला हवा. तिथे मालकी कागदावर चालत नसे. बुडावर चालत असे. जो आधी बसला, त्याचं. लगेच बसणं जमत नसेल, तर खिडकीतून रुमाल टाकायचा. रुमाल पडला की जागा धरली. खुद्द सिंह दरबारात उशिरा आला की दिवसभर उभा राहायचा, कारण सिंहासनावर खारीचा रुमाल असायचा. मात्र रुमालाची मुदत त्या दिवशीचा सूर्य मावळेपर्यंत. तोवर रुमालवाला बसला नाही, तर पुढे जो बसेल त्याचं.

झालं. आता गोष्ट सुरू.

केरोपंतांनी एके दिवशी पहाटे कनवटीला होतं नव्हतं ते लावलं आणि खाडीकाठच्या गाड्यांच्या दुकानात गेले. दुकान सगळं काचेचं. आत बगळे. पांढरेशुभ्र, एका पायावर उभे, आणि गिऱ्हाईक दिसलं की अदबीने दुसराही पाय टेकवणारे.

मधोमध ती उभी होती. लाल. इतकी बुटकी, की बेडकाने मान वर न करता टपावरची धूळ पाहिली असती.

"सर, बघताय की घेताय?" बगळ्याने विचारलं.

"घेतोय," केरोपंत म्हणाले, आणि त्यांच्या मानेवरचे काटे सर्रकन उभे राहिले.

बगळ्याने टाळ्या वाजवल्या. सगळे बगळे धावत आले. त्यांनी केरोपंतांच्या हातात पुठ्ठ्याची एक भलीमोठी किल्ली दिली आणि फोटो काढला. खरी किल्ली दिली आणि फोटो काढला. पेढा भरवला आणि फोटो काढला. प्रत्येक फोटोगणिक केरोपंतांचे काटे वाढत चालले. शेवटच्या फोटोत केरोपंत दिसतच नाहीत. एक फुललेलं कदंबाचं फूल दिसतं आणि त्याने किल्ली धरलेली दिसते.

"बसा आता सर!" बगळ्याने दार उघडलं.

केरोपंत बसायला गेले. खट्! काटे दाराच्या चौकटीला अडले. पाठमोरे होऊन गेले. खट्! तिरके होऊन गेले. खट्, खट्!

"सर, जरा अंग चोरून..."

"अंग चोरेन हो. आनंद कुठे चोरू?" केरोपंत म्हणाले.

दुकानातल्या कुणा बगळ्याने ती चालवत घरी पोचवली असती, पण मग बुडाच्या कायद्याने गाडी बगळ्याची झाली असती. तेव्हा केरोपंतांनी खिशातला चौकडीचा रुमाल काढला, खिडकीतून चालकाच्या जागेवर टाकला, दार लावलं, आणि गाडी ट्रेलरवरून न्यायची ठरली.

ट्रेलरला इंजिन नव्हतं. हणमंतआप्पा होते.

हणमंतआप्पा म्हणजे गवा. खांद्यावर जू घेऊन ते ट्रेलर ओढायचे आणि ओढताना जगातल्या सगळ्या विषयांवर बोलायचे. गाडीला दोर बांधून त्यांनी ती वर चढवली, चाकांना दगड लावले आणि केरोपंतांकडे वळून पाहिलं.

"पंत, तुम्ही माझ्या शेजारी चालू नगा. मागल्या खेपंला निवडुंग नेला हुता, त्यो परवडला."

म्हणून केरोपंत मागे फळीवर बसले. तोंड गाडीकडे, पाठ साऱ्या जगाकडे. आणि वरात निघाली.

वरात म्हणतो, कारण पुढे तशीच झाली. लाल, चकचकीत काहीतरी उंचावर बसवून चाललंय म्हटल्यावर लोक गप्प बसतात होय? पहिल्याच वस्तीत एक रानडुकरीण हळदीकुंकवाची कोयरी घेऊन आडवी आली.

"देवी कुठली म्हणायची?"

"खाडीकाठची," हणमंतआप्पा मागे न बघता म्हणाले.

"नवसाला पावते का?"

"पंतांना पावली की!"

झालं. रानडुकरिणीने बॉनेटला कुंकू लावलं. तिच्या जावेने काच पुसायच्या दांडीत खण अडकवला. माकडांनी झांजा आणल्या. मोर पुढे नाचायला लागले. ते कुणाच्याही पुढे नाचतात, तो भाग वेगळा. केरोपंतांनी खरं सांगायला हवं होतं. त्यांनी तोंडही उघडलं होतं. पण तेवढ्यात एका सशाने गाडीला मनोभावे लोटांगण घातलं, आणि केरोपंतांना इतकं गोड वाटलं की तोंड आपोआप मिटलं.

जंगलात शिरेपर्यंत त्यांचे काटे असे काही उभे होते, की वरून उडणाऱ्या घारीला वाटलं, ट्रेलरवर गाडी आहे आणि मागे तिचं झुडूप आहे.

घरी वेणूताई ताम्हण घेऊन उभ्याच होत्या. वेणूताई म्हणजे केरोपंतांच्या सौभाग्यवती. त्यांचं घराणंही त्याच दोषाचं. पण त्यांचे काटे लग्नात उभे राहिले होते तेवढेच. पुढे तसा प्रसंग आला नव्हता.

त्यांनी गाडी या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली.

"अहो, हिचं दार कुठंय?"

"हे काय."

"हे? मला वाटलं डब्याचं झाकण."

"वेणू, नीट बघ तरी! केवढी देखणी आहे!"

"देखणी आहे हो. पण देखण्यांचं काय करायचं असतं, ते मला कुणी शिकवलं नाही." असं म्हणून त्यांनी गाडीला ओवाळलं, मग केरोपंतांना ओवाळलं, आणि हात कमरेवर ठेवून विचारलं, "बसा आता. लिंबं आणून ठेवलीत चाकाखाली ठेवायला. चाक जमिनीला लागेल तेव्हा ना?"

हणमंतआप्पाही म्हणाले, "व्हय पंत, आटपा. दिस कलला. मावळल्यावर रुमालाचं काय खरं न्हाई."

तेव्हा कुठे केरोपंतांना सूर्याची आठवण झाली. तो समोरच्या टेकडीवर टेकायला निघाला होता.

ते धावत ट्रेलरवर चढले. खट्!

वेणूताईंनी खोबरेल आणलं. बाटली रिकामी झाली. काटे आता उभेही राहिले आणि चमकायलाही लागले. मग सुंभ आणला आणि केरोपंतांना बिंड्यासारखं आवळलं. केरोपंतांची नजर गाडीच्या चाकावर गेली, त्यांना ते फारच आवडलं, आणि सुंभाचे तुकडे झाले. मग गोणपाटात घातलं. गोणपाटाची चाळण झाली.

"अहो, जरा दुःखी व्हा!" वेणूताई म्हणाल्या.

"कसा होऊ? माझ्या दारात लाल गाडी आहे!"

"माझ्या आईचं ते आजारपण आठवा."

केरोपंतांनी सासूबाईंचं आजारपण मनापासून आठवलं. काटे आणखी बोटभर वर आले.

तोपर्यंत शेजारीपाजारी जमले होते. सगळ्यांच्या पुढे होता रावजी मुंगूस. तेल लावून भांग पाडलेला, आणि इतका सडपातळ की दार उघडायचीही त्याला गरज नव्हती. खिडकीची फट पुरली असती. त्याचा एक डोळा सूर्यावर होता आणि दुसरा चौकडीच्या रुमालावर. बोलायचं मात्र तोंडात साखर ठेवून.

"वा, केरोपंत, वा! जंगलाचं नाव काढलंत! अशी गाडी घ्यायला नुसते पैसे असून भागत नाही हो, दृष्टी लागते. ती एक तुमच्याकडेच!"

"छे, छे, तसं काही नाही," केरोपंत म्हणाले, आणि आजवर कधी उभे न राहिलेले कानामागचे काटेही उभे राहिले.

मुंगसाने समाधानाने मिशांवरून हात फिरवला. त्याला घराण्याचा दोष ठाऊक होता.

केरोपंत कोपऱ्यात जाऊन बसले. बसले म्हणजे टेकले. लाल गाडी समोर होती, रुमाल तिच्यात होता, तळं पलीकडे होतं, आणि आपण एवढे सुखी की त्यातलं काहीच आपल्याला मिळणार नाही. त्यांना रडू यायला हवं होतं. पण डोळ्यांत पाणी आलं तेही आनंदाचंच आलं.

तेवढ्यात गर्दीतून गोदाक्का पुढे झाल्या. गोदाक्का म्हणजे ती मातीचा गतिरोधक घातलेली घोरपड. त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, टायरवर शेपटी आपटून पाहिली आणि विचारलं,

"किती देते?"

"काय किती देते?" केरोपंत म्हणाले.

"ॲव्हरेज हो! तेलाचं!"

केरोपंतांनी डोकं खाजवलं. हे त्यांनी विचारलंच नव्हतं.

"विचारलं नाहीत? अगोबाई! न विचारताच घेतलीत?" गोदाक्का हळहळल्या. "आमच्या भाच्याने घेण्याआधी महिनाभर नुसतं हेच विचारलं होतं. मग घेतलीच नाही."

आणि बाळांनो, केरोपंतांच्या मानेवरचा एक काटा टप्पकन आडवा झाला.

तो कुणाला दिसला नाही. वेणूताईंना दिसला. वीस वर्षं संसार केलेल्या बाईला नवऱ्याचा काटा न् काटा ठाऊक असतो.

पाठोपाठ खंडेराव तरस पुढे आले. हातातली काडी दातांत फिरवत म्हणाले, "लाल कशाला घेतलीस, केरबा? लाल रंग ऊन खातो. दोन वर्षांत गुलाबी होईल. पांढरी घ्यायचीस. विकताना बरी पडते."

"मी विकणार नाहीये, खंडेराव."

"सगळे आधी असंच म्हणतात."

टप्, टप्. दोन काटे गेले.

"मागे सामान ठेवायला जागा नाही?" टिटवी ओरडली. तिचं बोलणंच ओरडून. "मग कोथिंबीर कुठे ठेवणार?"

"आणि बसतात किती?" गोदाक्का.

"दोघं," केरोपंत पुटपुटले.

"दोघंच? म्हणजे आम्हाला न्यायला नको, हो ना? विचार करून घेतलीय हो गाडी!"

टप् टप् टप् टप्! पूर्ण डावी बाजू झोपली. वेणूताईंचे डोळे लकाकले. त्या आत गेल्या आणि चहाचं मोठं पातेलं घेऊन बाहेर आल्या.

"घ्या गोदाक्का, आलं घालून केलाय. घ्या खंडेराव. आणि बोला ना! अजून काय काय वाईट आहे गाडीत? अगदी मोकळेपणी सांगा!"

इथे वेणूताई चुकल्या.

समोरून आग्रह झाल्यावर नावं ठेवणं आपल्या जंगलाच्या रीतीत बसत नाही. गोदाक्कांनी कप हातात घेतला, पदर सावरला आणि म्हणाल्या, "इश्श! वाईट कसलं? छानच आहे हो."

"नंबर एक," खंडेराव म्हणाले. "आपल्या केरबाची चॉइसच तशी."

"गोऽऽड आहे!" टिटवी ओरडली.

सळ्ळकन् डावी बाजू पुन्हा उभी! मुंगूस हळूच ट्रेलरवर चढला. "काचेवर धूळ बसलीय, पुसून देतो," म्हणाला, आणि नेमका खिडकीपाशी पुसत उभा राहिला. सूर्य टेकडीवर टेकला.

पण वेणूताई काही कच्च्या नव्हत्या. त्यांनी पातेलं खाली ठेवलं, मान वेळावली आणि ठसक्यात सुरू केलं.

"छान असणारच हो, गोदाक्का! आमचे हे काही घेतात तेव्हा किंमत बघत नाहीत. स्वभावच राजाचा! कुणाकुणाला आयुष्यभर घासाघीस करूनही बैलगाडी होत नाही. आमच्याकडे बघा, नुसतं मनात आलं!"

गोदाक्कांनी कप खाली ठेवला.

"राजाचा स्वभाव असेल हो," त्या म्हणाल्या, "पण राजे वाकून बसत नाहीत गाडीत. ही चालवायची म्हणजे पोट गुडघ्यात. या वयात पाठ धरली की मग कोण चोळणार?"

टप्!

"आणि गतिरोधक?" खंडेराव. "माझ्याच दारातल्या गतिरोधकावर हिची खालची बाजू सोलून निघेल. मी तो काढणार नाही, आधीच सांगतो."

टप् टप्!

"जगात पहिली गाडी आमचीच हो!" वेणूताईंनी आणखी तेल ओतलं. "जावा, बहिणी, सगळ्या बघत राहणार!"

"पहिली कसली? आमच्या मावसभावाच्या साडूकडे असलीच होती. पावसाळ्यात आत बेडूक झाले," टिटवी ओरडली. "आणि थांबला असतात तर दिवाळीला नवीन निघणार होती, स्वस्त!"

ही शेवटची बातमी फार खोल गेली. टप् टप् टप् टप् टप्! आख्खी पाठ निजली.

"ऐकू नका हो केरोपंत!" मुंगूस ट्रेलरवरून कळवळून ओरडला. "जळतात ते! तुमच्यासारखा रसिक शतकात एखादा होतो!"

पाठ उठली.

"रसिक? ह्याने गेल्या वर्षी घराला जांभळा रंग दिला होता!" खंडेराव.

पाठ निजली.

"तो जांभळा मला फार आवडला होता!" मुंगूस.

उठली.

"शेजाऱ्यांना विचारा आवडला होता का!" गोदाक्का.

निजली.

केरोपंतांच्या अंगावरून काटे असे काही उठत-निजत होते, जणू भाताच्या शेतावरून वारा चाललाय.  पण शेजारी संख्येने जास्त होते, त्यांची तयारी जुनी होती, आणि कुणाचं चांगलं झालेलं सहन करण्याची सवय त्यांच्या अंगाला मुळीच नव्हती. एकेक करत सगळे काटे आडवे झाले.

एक सोडून.

शेपटीच्या वरचा एक काटा ताठ उभा राहिला. रंग झाला, तेल झालं, कोथिंबीर झाली, पाठ झाली, दिवाळी झाली. शेजाऱ्यांच्या पोतडीतलं सगळं संपलं. तो हलेना. तो लहानपणीच्या त्या बोरांच्या दिवसाचा काटा होता, बाळांनो. त्याला ॲव्हरेजशी काही देणंघेणं नव्हतं.

"बसून तर बघा," वेणूताई म्हणाल्या.

खट्! एकाच काट्याने, पण खट्!

सूर्याची नुसती कोर उरली. मुंगसाने फडकं खांद्यावर टाकलं आणि खिडकीत एक पाय घातला.

हणमंतआप्पांनी डोळे मिटले. केरोपंतांनी वेणूताईंकडे पाहिलं. कसं पाहिलं ते मी सांगत नाही. जत्रेत पाळणा बंद व्हायच्या वेळी पोर आईकडे पाहतं तसं काहीतरी.

वेणूताईंनी पदराने हात पुसले आणि अगदी सहज, भाजी निवडताना बोलावं तशा म्हणाल्या,

"हो, सांगायचं राहिलंच. उद्या दादा येणार आहे माझा. त्याला चालवायला द्या हं गाडी. तो म्हणत होता, चार दिवस घेऊन जाईन."

टप्.

तो शेवटचा काटा नुसता निजला नाही, तो अंगात शिरला. केरोपंत इतके बारीक, इतके सपाट आणि इतके केविलवाणे झाले, की उशीखालच्या वर्तमानपत्रासारखे ते दारातून आत सरकले आणि चौकडीच्या रुमालावर त्यांचं बूड टेकलं.

सूर्य मावळला.

मुंगसाचा एक पाय आत होता. त्याने तो बाहेर काढला, भांग सारखा केला आणि "काच स्वच्छ झाली," एवढंच म्हणून निघून गेला.

केरोपंत क्षणभर तसेच बसले. मग त्यांनी स्टिअरिंगच्या चाकावर हात ठेवला. मग वास घेतला. नव्या गाडीचा. मग त्यांच्या ध्यानात आलं, की आपण आत आहोत.

फाऽऽट्!

सगळे काटे एकदम उभे राहिले. काही आसनातून आरपार गेले, काही दारातून, आणि बाकीचे टप फोडून बाहेर आले. बाहेरून पाहणाऱ्यांना दिसलं ते असं, की ट्रेलरवर एक मोठं लाल साळिंदर बसलंय आणि त्याला चार चाकं आहेत.

"आप्पा, उतरवा!" आतून आवाज आला.

हणमंतआप्पांनी ट्रेलर कलता केला आणि चाकांचे दगड काढले. आता पुढे काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही, कारण ते झालं असं म्हणता येणार नाही. ते नुसतं गेलं. लिंबं फुटली. गोदाक्कांच्या गतिरोधकावरून गाडी उडाली, ती खंडेरावांच्या गतिरोधकावर टेकली आणि तिथून पुन्हा उडाली. गोगलगाय ओरडली, "मी सांगत नव्हते?" टपावरच्या काट्यांतून वारा शिरला आणि शंभर बासऱ्या एकदम फुंकाव्यात तसा आवाज जंगलभर झाला. केरोपंतांचे कान मागे गेले. जंगल मागे गेलं. आणि तळं आलं तेव्हा गाडी चिखलात नाक खुपसून, एक उचकी देऊन थांबली.

सगळं जंगल धावत तळ्यावर आलं. सगळ्यात आधी वेणूताई.

"अहो! लागलं का कुठे?"

 केरोपंत हसत होते. त्यांना उतरताही येत नव्हतं, कारण काटे चारी बाजूंनी गाडीत रुतले होते आणि आनंद काही खाली येत नव्हता.

गोदाक्कांनी खिडकीत तोंड घातलं. "ते सगळं ठीक आहे हो, पण किती देते?"

केरोपंतांचा एक काटाही हलला नाही.

तेव्हा हणमंतआप्पांनी ट्रेलर पुन्हा आणला. गाडी केरोपंतांसकट वर चढवली. चिखल गाळत, कुंकू ओघळवत, मागे झांजा वाजवत तिची वरात पुन्हा घराकडे निघाली.

"थांबा," वेणूताई म्हणाल्या. "दोघं बसतात म्हणालात ना?" आणि त्यांचे काटे सपाटच असल्यामुळे त्या सहज आत सरकून शेजारी बसल्या.

थोडं अंतर गेल्यावर हणमंतआप्पांना मागून 'फाट्' असा एक आवाज ऐकू आला. त्यांनी वळून पाहिलं. टपाच्या दुसऱ्या बाजूनेही काटे बाहेर आले होते. लग्नानंतर पहिल्यांदाच.

हणमंतआप्पा सभ्य गवा. त्यांनी मान वळवली आणि पुढे काही बोलले नाहीत.

रात्रभर दोघं गाडीतच राहिली. शेजारी आले, नावं ठेवून गेले. काही उपयोग झाला नाही. आता ही दोघं जन्मभर अशीच राहणार, असं सगळ्या जंगलाला वाटलं.

पण सकाळी फाटक वाजलं. पाठीवर पिशवी, पायात नव्या वहाणा, तोंडभर हसू. वेणूताईंचा दादा खरंच आला होता.

त्याने गाडी पाहिली. शीळ घातली. खिडकीत वाकला आणि म्हणाला,

"भावजी, किल्ली कुठंय?"

टप्! दोघांचेही, सगळेच्या सगळे. दोघं दोन दारांनी अलगद बाहेर आली, आणि किल्ली कुठे ठेवली ते दोघांनाही आजतागायत आठवत नाही.

तात्पर्य : मुलांनो, जे आपलं कौतुक करतात त्यांना फाटकाबाहेर ठेवावं, त्यांचा एक पाय नेहमी खिडकीत असतो. जे नावं ठेवतात त्यांना आल्याचा चहा पाजावा, कारण आपलं सुख दारातून आत जाईल एवढं बारीक करून द्यायला तेच लागतात. आणि एवढं करूनही सुख उरलंच, तर बायकोच्या भावाला पत्ता कळवावा.